स्पॅनिश रोमान्स शिकतो आहे : पहिली सहा आवर्तने जमली, नववे-दहावे अडले आहे

अनगोळकर | १४ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये तपासणीचे काम करतो आणि दीड वर्षापासून घरच्या घरी क्लासिकल गिटार शिकतो आहे. सोर आणि कारुल्ली या गिटार-रचनाकारांचे सुरुवातीचे काही धडे झाल्यावर या महिन्यात ‘स्पॅनिश रोमान्स’ हाती घेतली आहे. बेळगावात हार्मोनियम, तबला किंवा गायन शिकवणारे सहज भेटतात, परंतु नायलॉनच्या तारांची गिटार नुसत्या बोटांनी वाजवणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून माझ्या सरावाची नोंद इथे ठेवून जाणकारांकडून चुका दुरुस्त करून घ्याव्यात, असा विचार आहे.

ज्यांनी ही रचना वाजवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिचा रचनाकार कोण हे निश्चित झालेले नाही आणि छापील प्रतींवर बहुधा ‘अनामिक’ असेच लिहिलेले असते. ताल तीन मात्रांचा आहे आणि प्रत्येक मात्रेत तीन स्वर येतात, म्हणजे एका आवर्तनात नऊ. (इंग्रजीत ज्याला ‘बार’ म्हणतात त्याला मी इथे आवर्तन म्हणतो, कारण ‘बार’ हा शब्द आपण अनेक तारा एकदम दाबणाऱ्या आडव्या बोटासाठी वापरतो आणि दोन्हींची गल्लत होते.) दर तीन स्वरांपैकी पहिला स्वर अनामिकेने पहिल्या तारेवर, दुसरा मध्यमेने दुसऱ्या तारेवर आणि तिसरा तर्जनीने तिसऱ्या तारेवर छेडायचा, आणि आवर्तनाच्या आरंभी अंगठ्याने खर्जाची तार द्यायची. चाल संपूर्णपणे पहिल्या तारेवर आहे.

पहिल्या सहा आवर्तनांत बाकीच्या तारा खुल्या राहतात आणि डाव्या हाताला केवळ चालीचा स्वर दाबायचा असतो : सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी), मग खुली तार, तेथून वर चढत बारावा फ्रेट. हे मला आठ दिवसांत आले. सातव्या-आठव्या आवर्तनात पाचव्या फ्रेटवर बार आहे, तोही जमतो. मी अडलो आहे तो नवव्या आणि दहाव्या आवर्तनाशी. तिथे सातव्या फ्रेटवर पूर्ण बार धरायचा, मधले बोट तिसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटवर ठेवायचे आणि करंगळी पहिल्या तारेवर अकराव्या फ्रेटपर्यंत न्यायची. करंगळी पोहोचते त्याच क्षणी बार सैल पडतो आणि दुसरी तार मुकी होते.

व्यवसायाची सवय म्हणून मी अंतरे मोजली. माझ्या गिटारच्या तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे. सातव्या फ्रेटपासून अकराव्यापर्यंतचे अंतर साधारण ९० मिलिमीटर भरले, तर पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंतचे १२६. बोटे ताणण्याच्या रोजच्या व्यायामात मी पहिला ते पाचवा हे अंतर गाठतो. मग त्याहून साडेतीन सेंटिमीटरने कमी असलेले अंतर मला का झेपत नाही, हे समजत नाही. म्हणजे दोष ताणाचा नसून दुसरा काहीतरी आहे. तो कोणता, हे कृपया सांगावे.

संवादिनी | १५ जून, सकाळी ७.०५

मी शहापुरात हार्मोनियम आणि गायन शिकवते. गिटारच्या बोटांबद्दल मला सांगता येणार नाही, परंतु तुम्ही दिलेल्या फ्रेटांवरून आणि ध्वनिमुद्रण ऐकून चाल लिहून काढली. खुली पहिली तार षड्ज मानली तर तिची पहिली दहा आवर्तने अशी होतात : प प प, प म ग, ग रे सा, सा ग प, सां सां सां, सां नि ध, ध प म, म प ध, प ध प, नि ध प. यांतील गंधार आणि धैवत कोमल आहेत. निषाद मात्र दोन आहेत. सहाव्या आवर्तनात बाराव्या फ्रेटवरून दहाव्यावर आणि तेथून आठव्यावर उतरताना तो कोमल आहे, आणि तुम्ही जिथे अडला आहात त्या दहाव्या आवर्तनात, अकराव्या फ्रेटवर, तोच निषाद शुद्ध झाला आहे.

कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद म्हणजे आपल्या ओळखीच्या कीरवाणीचे स्वर. कर्नाटक पद्धतीत हा एकविसावा मेळकर्ता (मूळ स्वरश्रेणी) आहे आणि तिकडूनच हा राग हिंदुस्थानी पद्धतीत आला. या रचनेला राग म्हणता येणार नाही, कारण तिची उभारणी वेगळी आहे. तरीही तो एक निषाद कानाला केवढा वेगळा लागतो हे गाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. माझी सूचना एवढीच की महिनाभर रोज गिटार हातात घेण्यापूर्वी पहिल्या भागाची सगळी सोळा आवर्तने सरगमने गावीत. सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला, धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर राहिले. अशा पट्ट्यात आपण वाढलो आहोत, तेव्हा आधी गळ्यातून आणि मग हातातून हा क्रम आपल्याला परका वाटू नये. आपण कोठे जाणार आहोत हे करंगळीला आधी ऐकू आले पाहिजे.

कॅम्पवाला_काका | १५ जून, रात्री ९.४०

अनगोळकर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तुमचे मोजमापही बरोबर आहे. मी कॅम्पात राहतो, वय ६८. तरुणपणी चर्चमधील गायकवृंदाला गिटारची साथ करत असे आणि ही रचना मी चाळीस वर्षांपूर्वी पुस्तकावरून शिकलो. त्या वेळी मीही याच दोन आवर्तनांशी अनेक महिने झगडलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की तुम्ही बार धरणाऱ्या बोटाने सहाही तारा सारख्याच जोराने दाबत असणार. या आवर्तनांत कोणत्या तारा वाजतात ते पाहा. सहावी तार अंगठ्यासाठी, आणि पहिली, दुसरी, तिसरी बाकीच्या बोटांसाठी. चौथी आणि पाचवी तार वाजतच नाही. तिसरी तार मधल्या बोटाने आठव्या फ्रेटवर दाबलेली आहे, त्यामुळे तिलाही बारची गरज नाही. म्हणजे तर्जनीने खरोखर तीनच तारा दाबायच्या आहेत : टोकाने सहावी आणि बुडाच्या भागाने दुसरी व पहिली. मधल्या भागात बोट किंचित कमानीसारखे उचललेले राहिले तरी काही बिघडत नाही. हे लक्षात आले की निम्मा जोर आपोआप कमी होतो, आणि जो जोर कमी होतो तोच करंगळीला मोकळी करतो. सातव्या-आठव्या आवर्तनांचेही तसेच आहे. तिथे खर्जाला पाचवी तार खुली वाजते, म्हणून पहिल्या तीन तारांपुरता अर्धा बार पुरतो. तुम्ही तिथेही पूर्ण बार धरत असाल तर हात नवव्या आवर्तनाला पोहोचेपर्यंतच थकत असेल.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. तुम्ही बार धरून करंगळी लांबवता. काही दिवस याच्या उलट करा. गिटार न छेडता आधी करंगळी अकराव्या फ्रेटवर नीट वळवून ठेवा, मग मधले बोट आठव्यावर आणि सर्वांत शेवटी तर्जनी मागे नेऊन सातव्यावर टेकवा. हात करंगळीच्या बाजूने बसला की तळवा आपोआप तारांना समांतर होतो. तर्जनीपासून सुरुवात केली की तळवा तिरका राहतो आणि करंगळीची लांबी वाया जाते. तुमच्या ताणाच्या व्यायामात बार नसतो, म्हणून तिथे तळवा हवा तसा फिरतो आणि अंतर अधिक असूनही गाठता येते.

तिसरी गोष्ट बसण्याची. क्लासिकल गिटारची दांडी बाराव्या फ्रेटपाशी पेटीला मिळते, त्यामुळे अकराव्याकडे जाताना हात पेटीला लागेल या भीतीने मनगट आखडते. डावा पाय पाटावर घ्या, गिटारचे डोके डोळ्यांच्या उंचीपर्यंत येऊ द्या आणि अंगठा दांडीच्या मागे मधल्या बोटासमोर राहू द्या. हा सराव एका वेळी दोन मिनिटांहून अधिक करू नका. थकवा येणे ठीक आहे, परंतु अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. याबाबतीत मी हट्ट केला होता आणि त्यापायी तीन आठवडे गिटारला हात लावता आला नव्हता.

खानापूरचा_विद्यार्थी | १६ जून, दुपारी ४.१५

अनगोळकर दादा, मीही हीच रचना सुरू केली आहे, परंतु माझ्या गिटारवर बार मुळीच धरता येत नाही, पाचव्या फ्रेटवरसुद्धा नाही. गिटार जुनी घेतलेली आहे, दांडी रुंद आहे, आणि दुकानदाराने आवाज मोठा येईल असे सांगून तिच्यावर पोलादी तारा चढवून दिल्या. आता घोडीच्या (तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागची फळी फुगल्यासारखी दिसते. हे बरोबर आहे का?

कॅम्पवाला_काका | १६ जून, सायंकाळी ६.३०

बाळा, आजच्या आज त्या तारा सैल कर. दांडी वरच्या टोकाशी ५२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असेल तर ती क्लासिकल गिटार आहे आणि तिच्यावर नायलॉनच्याच तारा हव्यात. पोलादी तारांचा एकूण ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो. फळी आणि आतील पट्ट्या तेवढ्या ताणासाठी बनवलेल्याच नसतात, त्यामुळे आधी फळी फुगते आणि मग घोडी उखडते. तारा उतरवून आठ-दहा दिवस तशीच ठेव आणि मग जाणत्या माणसाला दाखव.

मिरजकर_तंतुवाद्य | १७ जून, रात्री ८.५०

मिरजेत आमचे काम तंबोऱ्यांचे आणि सतारींचे, परंतु दुरुस्तीला गिटारही येतात. काकांनी सांगितले ते अगदी खरे आहे. त्याला हवामानाची जोड देतो. खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवा अतिशय दमट असते. लाकूड पाणी शोषते, पेटीची वरची फळी फुगते, तिच्यासोबत घोडी वर उचलली जाते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. उन्हाळ्यात सहज धरता येणारा बार पावसाळ्यात जड होतो तो यामुळे, आणि विद्यार्थी समजतो की आपलाच हात बिघडला. अनगोळकर, तुमच्याकडे मापाची साधने आहेत, तर बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या तळापर्यंतची उंची मोजून इथे लिहा. नायलॉनच्या गिटारला सहाव्या तारेखाली सुमारे ४ आणि पहिल्या तारेखाली ३ मिलिमीटर असावी. गिटार भिंतीला टांगून ठेवू नये, तिच्या पेटीत (केसमध्ये) ठेवावी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करावा.

निपाणीकर | १८ जून, सकाळी ११.००

मला स्वरलिपी वाचता येत नाही, केवळ फ्रेटांचे आकडे वाचता येतात. तेवढ्यावर ही रचना शिकता येईल का?

अनगोळकर | १८ जून, रात्री १०.०५

निपाणीकर, शिकता येईल, मीही आकड्यांवरूनच सुरुवात केली. परंतु आकडे पाहताना चाल कोणती आणि मागचे स्वर कोणते हे दिसत नाही, सगळे आकडे सारखेच वाटतात. संवादिनीताईंनी दिलेली सरगम आकड्यांच्या वर पेन्सिलने लिहून घ्या. मी कालच तसे केले आणि पहिल्या दिवसापासून फरक जाणवला.

मिरजकर, उंची मोजली. सहाव्या तारेखाली ४.६ आणि पहिल्या तारेखाली ३.५ मिलिमीटर भरली. मे महिन्यात हीच उंची मी ४.१ आणि ३.१ अशी वहीत लिहून ठेवली होती. गिटार आतापर्यंत खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. आज ती पेटीत ठेवली आहे.

अनगोळकर | ६ जुलै, रात्री ९.३०

तीन आठवड्यांच्या सरावाची नोंद. रोज चाळीस मिनिटे बसतो. पहिली दहा मिनिटे सरगम गातो, पुढची दहा मिनिटे नववे-दहावे आवर्तन दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन, आणि उरलेला वेळ सुरुवातीपासून संथ वाजवतो. मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) ४४ वर आहे.

काकांची तीन तारांची सूचना मी प्रथम कागदावर काढून पाहिली आणि मग हातावर. एकेक तार छेडून पाहताना असे आढळले की माझी सहावी तार आवश्यकतेपेक्षा दुप्पट जोराने दाबली जात होती आणि दुसरी तार नेमकी बोटाच्या सांध्याच्या खळग्याखाली येत होती. तर्जनी दोन-तीन मिलिमीटर वर सरकवली तेव्हा दुसरी तार बोलू लागली. महिनाभर ताकद वाढवण्याचा प्रयत्न करत होतो, आणि दोष बोटाच्या जागेचा निघाला. करंगळीकडून हात बसवण्याचा क्रम मात्र अजून कृत्रिम वाटतो. वाजवता वाजवता तो साधत नाही. आठव्या आवर्तनाच्या शेवटच्या स्वरानंतर बार पाचव्यावरून सातव्यावर जाताना अर्धा क्षण खंड पडतो, आणि तो ऐकणाऱ्याला नक्कीच जाणवेल.

दुसरी अडचण उजव्या हाताची आहे. कारखान्यात नखे टिकत नाहीत, अनामिकेचे नख दर आठवड्याला तुटते आणि चाल तर त्याच बोटावर आहे. सध्या नख बोटाच्या टोकाच्या जेमतेम पुढे येईल एवढेच ठेवतो आणि कामावरच्या दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करतो. आवाज लहान येतो, परंतु खरखर गेली आहे.

संवादिनी | ७ जुलै, सकाळी ६.५०

नोंदीसोबतचे तुमचे ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमचे तिन्ही स्वर सारख्याच जोराचे आहेत, त्यामुळे चाल ऐकू येत नाही, नुसता पाळणा हलल्यासारखा वाटतो. पहिला स्वर गाणाऱ्याचा आहे आणि पुढचे दोन तंबोऱ्याचे आहेत असे समजून वाजवा. तंबोरा गायकापेक्षा मोठा झाला तर मैफल कशी होईल? दुसरे असे की ‘प म ग’ उतरताना तुम्ही पंचम लवकर सोडता. तो मध्यमाला जाऊन भिडला पाहिजे. गाताना तुम्ही तो भिडवत असाल, हात मात्र घाई करतो.

खानापूरचा_विद्यार्थी | ७ जुलै, दुपारी १.२०

ताई, मग सातव्या फ्रेटवरून पाचव्यावर बोट घसरवत नेऊन मींड घेतली तर चालेल का? मला ती फार आवडते.

कॅम्पवाला_काका | ७ जुलै, रात्री ९.१०

बाळा, घसरवत नेलेला स्वर या वाद्याच्या परंपरेतही आहे. तारेगा, म्हणजे १८५२ ते १९०९ या काळातील स्पॅनिश वादक आणि रचनाकार, यांनी आपल्या रचनांत अशा जागा स्वतः लिहून ठेवल्या आहेत. परंतु त्या मोजक्या आहेत. या रचनेत प्रत्येक उतरणीवर मींड घेतली तर सोळा आवर्तनांत ती पंधरा वेळा येईल आणि तिचे मोल राहणार नाही. मी स्वतः एकच ठेवतो : चौथ्या आवर्तनाच्या अखेरीस सातव्यावरून पाचव्या आवर्तनाच्या बाराव्या फ्रेटवर चढताना. बाकी ठिकाणी बोट तारेवरून न उचलता, परंतु दाब काढून, आवाज न होऊ देता सरकवावे. पहिली तार गुळगुळीत असल्यामुळे ते निःशब्द होते.

संवादिनी | ८ जुलै, सकाळी ७.१५

मला काकांचे म्हणणे अर्धेच पटते. पंचमावरून तार षड्जावर चढताना मींड शोभते हे खरे, परंतु शेवटच्या फेरीत ‘नि ध प’ उतरताना एक हलकी मींड मी तरी घेतली असती, कारण तिथे मन उतरायला तयार नसते.

कॅम्पवाला_काका | ८ जुलै, रात्री ८.००

तिथे बार धरलेला असतो, ताई. करंगळी अकराव्यावरून आठव्यावर घसरली की आठव्यासाठी ठरवलेले अनामिकेचे बोट रिकामे राहते आणि पुढचा पंचम उशिरा येतो. तरीही तुमची कल्पना वाजवून पाहिली. संथ लयीत ती सुंदर लागते हे मान्य करतो.

अनगोळकर | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

मधले पाच आठवडे लिहिणे झाले नाही, कारखान्यात कामाचा ताण होता, परंतु सराव सोडला नाही. मेट्रोनोम आता ६३ वर आहे. बार सातव्यावर जातानाचा खंड गेला. त्यासाठी आठव्या आवर्तनाचा शेवटचा स्वर आणि नवव्याचा पहिला, एवढे दोनच स्वर रोज पन्नास वेळा वाजवले.

आता दुसरा भाग सुरू केला आहे. पहिला भाग ई मायनरमध्ये आणि हा ई मेजरमध्ये आहे, म्हणजे लिपीत एका तीव्र (शार्प) चिन्हाच्या जागी चार येतात. संवादिनीताईंच्या भाषेत सांगायचे तर षड्ज तोच राहतो आणि गंधार, धैवत, निषाद शुद्ध होतात. पहिलाच स्वर चौथ्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार आहे. पहिला भाग दोन महिने वाजवल्यानंतर तो स्वर प्रथम लागला तेव्हा मी थांबलो आणि तो एकच स्वर कितीतरी वेळ वाजवत बसलो. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “आता उजाडलं बघ.” तिला गिटारमधले काही कळत नाही.

गिटारची उंचीही सांगतो. पेटीत सिलिका जेल ठेवल्यापासून सहाव्या तारेखालची उंची ४.३ वर आली आहे. खानापूरच्या मित्राची गिटार आता कशी आहे?

खानापूरचा_विद्यार्थी | १८ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

दादा, मिरजेला नेऊन आणली. फळी बरीचशी बसली, घोडी पुन्हा चिकटवावी लागली. नायलॉनच्या तारा चढवल्या आहेत. आवाज लहान झाला, परंतु पाचव्या फ्रेटवर बार पहिल्याच दिवशी लागला. मी अजून आठव्या आवर्तनापर्यंतच आहे.

अनगोळकर | २१ सप्टेंबर, सकाळी ६.१०

काल रात्री घरच्या गणपतीसमोर पूर्ण रचना वाजवली. गल्लीतील मंडळाचा आवाज फार होता, म्हणून ध्वनिमुद्रण आज पहाटे साडेचारला केले आणि त्याचा दुवा खाली दिला आहे. लय ६९ ठेवली. दोन्ही भाग आणि शेवटी पुन्हा पहिला भाग आहे. मींड एकच घेतली आहे, चौथ्या-पाचव्या आवर्तनात, काकांच्या पद्धतीने. परंतु शेवटच्या फेरीत दहाव्या आवर्तनाला लय थोडी मागे ओढली आहे, ती ताईंसाठी. दुसऱ्या भागातील एक बार अस्पष्ट वाजला आहे, तो मला ऐकू येतो.

संवादिनी | २१ सप्टेंबर, सकाळी ९.००

ऐकले. चाल आता गाते आहे आणि मागचे स्वर मागे राहिले आहेत. पंचम मध्यमाला भिडतो. एक शंका मात्र आहे : अकराव्या फ्रेटवरचा शुद्ध निषाद तिन्ही वेळा किंचित चढा लागतो. बाराव्या फ्रेटवरचा षड्जही थोडा चढा आहे, परंतु निषाद अधिक. खुल्या तारा सुरात आहेत.

कॅम्पवाला_काका | २१ सप्टेंबर, दुपारी १२.३०

ताईंचा कान अचूक आहे. दोन कारणे असू शकतात. करंगळी ताणलेली असताना तार खाली दाबण्याऐवजी बाजूला ओढली जाते आणि स्वर चढतो; निषाद षड्जापेक्षा अधिक चढा आहे तो बहुधा यामुळे. परंतु बाराव्यावर नुसते एक बोट असते, तिथेही चढ आहे, म्हणजे पहिली तार जुनी झाली असावी. नायलॉनची तार फ्रेटांच्या जागी झिजून असमान झाली की वरचे स्वर चुकतात. तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवून पाहा, खाचा लागतील. शेवटची केव्हा बदलली होती?

अनगोळकर | २१ सप्टेंबर, रात्री ९.५५

फेब्रुवारीत, काका. नख फिरवून पाहिले, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या जागी खाचा स्पष्ट लागतात. व्हर्नियरनेही तिथे जाडी कमी भरते. उद्या कामावरून येताना खडेबाजारातून नवीन संच आणतो. नवीन तार सुरात बसायला चार-पाच दिवस लागतील, तोपर्यंत करंगळी बाजूला न ओढता वरून दाबण्याचा सराव करतो आणि मग दहावे आवर्तन तेवढे पुन्हा मुद्रित करून इथे ठेवतो.